लोणार सहलीसाठी गावकऱ्यांना आवाहन

समस्त गावकरी मंडळी आणि नोकरीनिमित्त बाहेरगावी असलेल्या आपल्या भाऊ-बहिणींनो, सप्रेम नमस्कार.

आपल्या युवक मंडळाची सेवाग्राम-पवनारची सहल सगळ्यांच्या लक्षात असेलच. ती झाली ती काकाजींमुळे. कापसाचा चुकारा हाती पडला त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, त्यांनी पाच हजार रुपये आणून दिले आणि पावतीही नको म्हणाले. निवृत्त गुरुजी या वयात पोरांसोबत दिवसभर पायी फिरले. बचत गटाच्या बायांनी पहाटे तीनला उठून पोळ्या, झुणका अन् जवसाची चटणी बांधून दिली. त्यांचे उपकार मंडळ विसरणार नाही. बापूकुटीत साप पकडायचा चिमटा पाहून पोरं थबकली होती. तिथं साप धरून जिवंत सोडून देत, हे त्यांनी ऐकलं. त्याच पावसाळ्यात वावरात निघालेला साप याच पोरांनी मारू दिला नाही, सर्पमित्राला बोलावलं. सहलीनं काय होते, हे विचारणाऱ्यांना आमचं एवढंच उत्तर आहे.

मागच्या वर्षी मात्र वर्गणीसाठी घरोघरी दिलेली पाकिटं बहुतेक रिकामीच परत आली, सहल रद्द झाली. तान्ह्या पोळ्याच्या बक्षिसांना आपलं गाव कधी मागे राहत नाही, म्हणून जास्त लागलं. पोरांना सांगताना जीभ उचलत नव्हती.

यंदा लोणार आणि सिंदखेडराजा ठरलं आहे. उल्का आदळून काळ्या बेसाल्ट खडकात पडलेलं, पावणेदोन किलोमीटरहून रुंद असं हे विवर पाहायला जगभरातून अभ्यासक येतात. २०२० च्या जूनमध्ये खारं पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान मिळाला. आपल्या विदर्भातलं हे नवल आपल्या पोरांनी फक्त मोबाइलवर पाहिलं आहे. परतताना जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजीराव जाधवांचा राजवाडा. जयंतीची गर्दी ओसरलेली असेल.

रविवार, १८ जानेवारी, पहाटे ५, ग्रामपंचायतीसमोरून. एसटी प्रासंगिक करारावर, म्हणजे पूर्ण गाडी भाड्यानं. मुलं-मुली ४२, सोबत दोन शिक्षिका. एकूण खर्च ३१,००० रु.; मुलांचे प्रत्येकी २५० प्रमाणे १०,५००, मंडळाकडे शिल्लक ४,५००, कमी पडतात १६,०००. आगारात पैसे आधी भरायचे असल्याने वर्गणी १० जानेवारीपर्यंत वाचनालयात, सायंकाळी ६ ते ८. पावती मिळेल, हिशेब फलकावर लागेल. पैसे जमत नसतील त्यांनी ज्वारीचं पीठ, तेल, गूळ द्यावा.

आपला,
सचिव, युवक मंडळ

ता. क. : काकाजींनी यंदाही पहिली पावती फाडली आहे.