करंज्या बाहेर, दुधाचा हिशोब आत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बुकशेल्फ सजवून आपलं व्यक्तिमत्त्व कसं दाखवावं असा लेख होता, तो मी दोनदा वाचला कारण आमच्याकडे सध्या नेमकं हेच चाललंय. आमची डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली, चार वर्षं भाड्याच्या घरात काढली, तेवढा सगळा वेळ पुस्तकं खोक्यात, आता नवीन फ्लॅटचा ताबा मिळालाय आणि इंटिरिअर करणारा मुलगा एक दिवसाआड लॅपटॉप घेऊन येतो. तुमच्या लेखातलं सगळंच्या सगळं त्याच्या डिझाइनमध्ये आहे. रंगाप्रमाणे लावलेली पुस्तकं, मधेमधे मनी प्लांट, एक पितळी बुद्ध, फळीखाली एलईडीची पट्टी. त्याने लेख वाचून डिझाइन केलं की लेख लिहिणाऱ्या ताईंनी त्याचं डिझाइन बघून लेख लिहिला असा मला संशय यायला लागला (गंमत करतेय, रागावू नका).

त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, काकू पुस्तकं किती फूट आहेत? आता पुस्तकं नगावर सांगता येतात, रद्दीवाल्याच्या कृपेने किलोवर पण सांगता येतात, फुटावर मी जन्मात मोजली नव्हती. मग हॉलमध्ये जमिनीवर एकाला एक लावून टेप धरली, ५२ फूट भरली. आणि मान्य करते, प्रश्न शहाणपणाचा होता. कारण फूटभर पुस्तकं म्हणजे ढोबळमानाने ८ ते १० किलो वजन, म्हणजे आमची जवळजवळ अर्धा टन झाली, आणि त्याच्या डिझाइनमध्ये तर ४ फूट लांबीची एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, मधे आधार काही नाही, का तर फ्लोटिंग दिसायला पाहिजे. आमच्या सुतारमामांनी ड्रॉइंगकडे एकदाच बघितलं आणि म्हणाले, वर्षभरात झोळ येणार. मग प्लाय आणि दर अडीच फुटाला उभी फळी असं ठरलं. हे तुमच्या लेखात कुठेच नव्हतं बरं का. फोटोतल्या शेल्फवर नऊ पुस्तकं, दोन मेणबत्त्या आणि एक शंख होता, त्याला कसला झोळ येतोय.

झाडांचं पण तेच. पुस्तकांच्या शेजारी पाणी घालायची वस्तू ठेवायची कल्पना ज्याला सुचली त्याने कोकणपट्टीतला जुलै काढलेला नसणार. आमच्या जुन्या घरात पावसाकडच्या भिंतीला टेकून कपाट होतं, दर पावसाळ्यात पुस्तकं पोळीसारखी फुगायची, आणि ओल आली की कसर आलीच, तिला बांधणीतली खळ फार आवडते. सासूबाई दर दसऱ्याच्या आधी सगळी पुस्तकं खाली काढून, पुसून, गच्चीवर सावलीत वारा द्यायच्या. सावलीतच, कारण उन्हात ठेवली की पाठीचा रंग उडतो, लाल तर आधी. मग वेखंडाचे तुकडे फळीच्या कोपऱ्यात, आणि वरचं एखादं पुस्तक सरस्वतीच्या पाटीशेजारी पूजेला. आमच्या घरात शेल्फचं डेकोरेशन म्हणाल तर एवढंच, झेंडूचं एक फूल, ते पण दुसऱ्या दिवशी काढायचं.

आता मुद्द्यावर येते. रंगाप्रमाणे पुस्तकं लावायला मुलगा आला, खोकी उघडली आणि बिचारा गप्पच झाला. कारण आमच्या निम्म्याच्या वर पुस्तकांना रंगच नाही. माझे सासरे सरकारी नोकरीत होते, पुस्तक विकत आणलं की त्या संध्याकाळी त्याला कव्हर घातल्याशिवाय ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, आणि कव्हर कसलं तर महिना संपला की फाडलेल्या कालनिर्णयच्या पानाचं. १९७३ साली कालनिर्णय सुरू झालं तेव्हापासून ते वारले तोपर्यंत एक पान फुकट गेलं नाही आमच्याकडे. कागद जाड, डेमी साइजच्या पुस्तकाला बेताचा बसायचा. तारखांची बाजू आत आणि मागच्या लेखांची, पाककृतींची बाजू बाहेर. पाठीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून त्यावर नाव, शाईने, टपोऱ्या अक्षरात. त्यामुळे आमच्या शेल्फकडे लांबून बघितलं तर कादंबरीवर करंज्या, चरित्रावर डोळ्यांची निगा आणि एका जाडजूड इतिहासाच्या पुस्तकावर कोबीच्या वड्या असं सगळं दिसतं. व्यक्तिमत्त्व म्हणजे अजून काय असतं मला सांगा.

आणि एक फायदा, जो आम्हाला इतकी वर्षं कळलाच नव्हता. मराठी पुस्तकांच्या पाठीवर नाव काहींचं वरून खाली छापलेलं असतं, काहींचं खालून वर, त्यामुळे एका फळीवरची नावं वाचायची तर मान एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, व्यायामच. सासऱ्यांच्या पट्ट्या सगळ्या एका दिशेने. प्रकाशक मंडळींनी हे वाचलं तर बरं होईल, रंग राहू दे पण दिशेचं तरी काहीतरी ठरवा.

तर मुलगा म्हणाला, काकू कव्हरं काढून टाकूया, आत ओरिजिनल कलर एकदम फ्रेश असतील. मला पण खरं सांगायचं तर मोह झाला. इतकी वर्षं ती पिवळी पडलेली कव्हरं बघून कंटाळा आलेला, नवीन घर, जावयाच्या घरची माणसं यायची, वाटलं जरा छान दिसू दे. लॉकडाऊनमध्ये टीव्हीवर जो तो तज्ज्ञ पाठीमागे पुस्तकांची भिंत घेऊन बसायचा ते बघून मीच तर ह्यांना म्हटलं होतं की आपल्याला असं काही मागे घेऊन बसायची सोय नाही. म्हणजे दाखवायची हौस मला नाही असं अजिबात नाही.

मुलीने आणि त्याने मिळून पंधरावीस कव्हरं काढली. रंग खरंच फ्रेश होते. पण आम्ही सगळे बसलो ती काढलेली पानं वाचत. तुमच्याही घरी असेलच, कॅलेंडरच्या चौकोनात काय काय लिहिलेलं असतं. दूध अर्धा लि. जादा. खाडा. गॅस लावला. रेशन आलं. आत्या आल्या, चार दिवसांनी आत्या गेल्या. बाईंना ५० रु. दिले. एका जूनच्या पानावर लागोपाठ तीन दिवस 'गाड्या बंद' आणि चौथ्या दिवशी 'गेलो, परत आलो'. माझ्या लग्नाच्या महिन्याचं पान एका नाटकाच्या पुस्तकाला निघालं. एका चौकोनात 'लग्न' एवढंच, आणि पुढच्या चौकोनात 'दूध ३ लि.'. आमचे हे तर हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. तेवढ्यात मुलीला दिसलं की पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पण पेन्सिलने बारीक नोंदी आहेत, पुस्तक कधी संपलं त्याची तारीख, आणि बहुतेक ठिकाणी पुढे '८.१४, उभ्याने' नाहीतर '८.१४, बसून'. लोकलमध्ये वाचायचे ते. जाड पुस्तकं जास्त करून उभ्यानेच संपलीयत.

तुमच्या लेखाला माझा विरोध नाही हो. सजवलेलं वाईट असं कुठेय. साताऱ्याकडच्या भिलारला आम्ही गेलो होतो, स्ट्रॉबेरीचं गाव, २०१७ पासून पुस्तकांचं गाव, तिथे कितीतरी घरांत विषयाप्रमाणे पुस्तकं ठेवलीयत आणि भिंती रंगवल्यात, किती सुंदर दिसतं. पण तिथे तुम्ही त्यातल्या कुठल्याही घरी जाऊन पुस्तक काढून तासभर वाचत बसू शकता. आणि दादरला हिंदू कॉलनीत राजगृह आहे, बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात ते बांधलं तेव्हा घरात पुस्तकांना जागा कुठे असा विचार नव्हता केला, पुस्तकं मावावीत म्हणून घर बांधलं होतं, ५० हजारांच्या आसपास संग्रह होता. आपण वन बीएचकेवाले, आपल्याला ५२ फुटांवर सोडा. फक्त ते पुस्तकं उलटी लावा, पाठ भिंतीकडे आणि पानं बाहेर, म्हणजे सगळं क्रीम रंगात एकसारखं दिसेल, हा जो लेखातला सल्ला होता ना, तो ज्या कुणी दिला त्यांच्या घरी कुणी पुस्तक मागायला येत नाही एवढं नक्की समजलं.

शेवटी आमचं असं ठरलं की वरची एक फळी त्या मुलाच्या आवडीची, माझी आणि मुलीची नवीन पुस्तकं रंगाप्रमाणे, निळ्यापासून पिवळ्यापर्यंत, बुद्धासकट. मनी प्लांट खिडकीत. खालच्या सगळ्या फळ्यांवर सासऱ्यांची पुस्तकं, कव्हरं परत घालून. इथे मुलीने आयडिया काढली की कव्हरं उलटी घालूया, हिशोबाची बाजू बाहेर, पाहुणे आले की वाचतील, किती युनिक दिसेल. मुलगा तर उडालाच, म्हणाला यावर स्पॉटलाइट टाकू.

सासूबाई ८७ वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येतं म्हणून आम्ही समजतो. आतल्या खोलीतून आवाज आला, "त्यांनी आत घातलंय ते आतच ठेवा. गवळ्याचे पैसे कधी थकले ते व्याह्यांना कशाला?"

सुतारमामा शनिवारी येतायत. सनमायकाचा रंग अजून ठरलेला नाही.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)