दावाओच्या दाय आणि दोंगला, लातूरहून

प्रिय दाय आणि दोंग,

तुमची खरी नावं इथे लिहीत नाही. हे पत्र कुणीही वाचावं म्हणून लिहिते आहे, आणि तुम्ही अजून शिकणारी मुलं. तुमच्या गल्लीत सगळे तुम्हाला दाय आणि दोंग म्हणूनच हाक मारायचे, मीही तशीच मारायचे, म्हणून इथेही तेच. मनातलं नीट मांडायला मला मराठीच लागते. माझी लेक, जिला तुम्ही ‘आते’ म्हणता म्हणजे ताई म्हणता, ती तुम्हाला हे तुमच्या बिसाया भाषेत वाचून दाखवेल.

१० ऑक्टोबर २०२५ला सकाळी तुमच्याकडे फिलिपिन्समध्ये मनाय गावाच्या किनाऱ्याजवळ ७.४चा भूकंप झाला. आमच्याकडे तेव्हा सात वाजून गेले होते. लेकीनं मोबाईलवर बातमी पाहिली आणि तिथेच उभ्या उभ्या तुम्हाला मेसेज टाकला. बऱ्याच वेळानं ‘ओके रा मी’ आलं, आम्ही ठीक आहोत. त्या दिवशी संध्याकाळी मी वही घेऊन बसले. सहा वर्षांपूर्वी तुम्ही जे केलंत ते तोंडी अनेकदा बोलून झालंय, पण ते लिहून ठेवलेलं असावं असं वाटलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. बारावीनंतर डॉक्टरकीसाठी फिलिपिन्सला जाणारी मुलं लातूरच्या आमच्या भागात नवी नाहीत. माझी लेक २०१८ला दावाओला गेली. ती राहायची त्या इमारतीच्या फाटकाशी या दोघांच्या आईचा गाडा. साबा नावाचं केळं असतं तिकडे, ठेंगणं, जाडसर, शिजवूनच खायचं. दावाओच्या आसपासच्या मोठमोठ्या बागांतून खोक्यात भरून जपानला जातात ती केळी वेगळी. गल्लीत खपतं ते साबा. ते सोलून अख्खं गरम तेलात सोडायचं आणि वरून मूठभर तपकिरी साखर थेट तेलात टाकायची. साखर वितळते, तरंगते, केळ्यांना चिकटते. मग दोन-तीन केळी बांबूच्या काडीत ओवायची, झालं बनाना क्यू. रताळ्याचे काप तसेच तळले की कामोते क्यू. आणि तुरोन म्हणजे केळ्याची फोड, फणसाच्या गऱ्याची एक पट्टी आणि साखर पातळ पारीत गुंडाळून तळलेली. दुपारी तीन-चारच्या मिर्येंदाला, म्हणजे मधल्या वेळच्या खाण्याला, सगळी गल्ली हे घेऊन उभी असते.

माझ्या वडिलांचा गंजगोलाईत भज्यांचा गाडा होता, त्यामुळे कढईशी उभं राहणाऱ्याचा हात मी ओळखते. तेल पुरतं तापायच्या आधी साखर पडली तर ती तळाशी बसून जळते आणि सगळा घाणा कडू होतो. तुमची आई तेलाकडे बघायचीही नाही, आवाजावरून साखर टाकायची. दाय, काडीत ओवायचं काम तुझं. साखरेचा पाक गरम असतानाच ओवावं लागतं, थंड झाला की केळी फुटतात, आणि चौदाव्या वर्षी तुझ्या बोटांच्या टोकांवर ते चटके घट्टे होऊन बसले होते. पैसे घेणं, सुटे देणं दोंगकडे.

माझी लेक शाकाहारी. पहिल्याच आठवड्यात दायनं तिला कामोते क्यू दिलं नाही. शेजारच्या फिशबॉलवाल्याचा गॅस संपला होता, त्यानं याच तेलात तळून घेतलं होतं. “आते, आज नको, उद्या ये,” एवढंच म्हणाली. दहा पेसोचं गिऱ्हाईक परत पाठवलं. लेकीनं रात्री फोनवर हे सांगितलं तेव्हा मी तुझ्या वडिलांना म्हटलं होतं, पोरगी चांगल्या गल्लीत आहे. हे वाक्य मी तिच्याशी बोलल्यासारखं लिहिलंय, राहू दे तसंच.

आता २०१९चा ऑगस्ट. त्या महिन्याच्या ६ तारखेला फिलिपिन्स सरकारनं डेंग्यूची राष्ट्रीय साथ जाहीर केली. जानेवारीपासून २० जुलैपर्यंत १ लाख ४६ हजारांवर रुग्ण झाले होते आणि ६२२ मृत्यू. हे आकडे मी पुढे वाचले. आम्हाला घरी एवढंच कळलं होतं की लेकीला ताप आहे, गोळ्या चालू आहेत, आणि मग ताप उतरला. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जपायचं असतं. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, प्लेटलेट घसरतात, आणि माणसाला वाटतं की आपण बरे होतोय. कडायावानच्या, म्हणजे तिथल्या सुगीच्या जत्रेच्या सुट्ट्या होत्या, खोलीतल्या मुली सामाल बेटावर गेल्या होत्या. ती खोलीत एकटी होती.

तुम्हाला काय दिसलं ते तुम्ही मला नंतर सांगितलंत. आते रोज कॉलेजातून आली की काडी घेते. एक दिवस ती आली, काही घेतलं नाही, फाटकाला धरून थोडा वेळ उभी राहिली आणि वर गेली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही. सुट्टी आहे, कुठे गेली असेल, असं कुणालाही वाटलं असतं. दायला वाटलं नाही, कारण तिच्या चपला जिन्याखाली होत्या. तिनं दोंगला वर पिटाळलं. दोंगनं दार वाजवलं, ओ आली नाही, पण आत फोन वाजत होता. तो फोन मी करत होते.

तो धावत घरमालकिणीकडे गेला, तिनं किल्ली आणली, तुमची आई कढई उतरवून वर आली. लेकीच्या पायांवरचे लाल बारीक ठिपके तिनं ओळखले. घरातल्या एका पोराला आधी होऊन गेला होता. त्याच पावली ट्रायसिकलमध्ये, म्हणजे मोटारसायकलला जोडलेल्या रिक्षेत घालून दवाखान्यात. डॉक्टर पुढे म्हणाले की आणखी एक रात्र गेली असती तर अवघड होतं. त्यापलीकडे मी त्यांना काही विचारलं नाही.

मला व्हिसा मिळेपर्यंत दिवस जात होते. तिकडच्या दवाखान्यात रोग्यापाशी घरचं कुणीतरी सतत लागतं, बांताय म्हणतात त्याला. औषधं आणायची, सलाइन संपत आली की नर्सला सांगायचं, लघवी किती झाली ते लिहायचं. दिवसा घरमालकीण बसली आणि रात्री तुमची आई. आणि हे कडायावानच्या आठवड्यात! दावाओची ही सुगीची जत्रा: ड्युरियन, पोमेलो, मारांग या फळांचे ढीग, फुलांनी मढवलेले रथ, अकरा जमातींचे नाच, रस्त्यांवर माणूसच माणूस. गाडेवाल्यांना वर्षभरात असा धंदा मिळत नाही. तुमचा गाडा त्या आठवड्यात बंद होता. आई नसताना कढई पेटवायची नाही हा तुमच्या घरचा नियम, आणि तो तुम्ही मोडला नाहीत. दोघांनी मिळून घरी गोठवलेल्या आइस कँडीच्या पिशव्या तेवढ्या विकल्या.

यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती लिहिणं मला भाग आहे. आपल्या लोकांना तिकडे ‘बुंबाय’ म्हणतात. मोटारसायकलवरून दारोदार कर्ज वाटणारे भारतीय तिथल्या गल्ल्यांत जुने आहेत. पाच हजार घ्या, सहा हजार फेडा, रोज थोडे थोडे. बँक ज्यांना दारात उभं करत नाही त्यांना हेच पैसे मिळतात. तुमच्या गाड्याची कढई आणि शेगडी याच कर्जातली होती. म्हणजे जत्रेच्या आठवड्यात गाडा बंद, रोजचा हप्ता मात्र चालू, तोही एका भारतीयाला, आणि तुमची आई रात्रभर एका भारतीय मुलीच्या उशाशी. तिनं हे मला कधी सांगितलं नाही. पुढे बोलता बोलता दायच्या तोंडून निघालं. त्या रात्री मी जेवले नाही.

मी पोहोचले तेव्हा लेक घरी आली होती, भिंतीला धरून चालत होती. संध्याकाळी तुम्ही दोघं वर आलात. दोंगनं माझा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला. मोठ्या माणसाला नमस्कार करायची ही तिकडची रीत मला माहीत नव्हती, पण मला ती कुणी समजावून सांगावी लागली नाही. मग त्यानं शाळेच्या वहीचं एक पान पुढे केलं. घरमालकिणीला आम्ही पाठवलेल्या पैशांचा हिशेब होता तो. औषधं, संत्र्याचा रस, ट्रायसिकलचं भाडं, डायपरचं एक पाकीट, प्रत्येकासमोर तारीख आणि पेसो. पावत्या रबरबँडमध्ये गुंडाळलेल्या. जिथे पावती मिळाली नव्हती तिथे त्यानं शेजारी फुली मारली होती, म्हणजे मी विचारलं तर सांगता यावं. उरलेले पैसे पाकिटात. अकरा वर्षांच्या पोराचं अक्षर, आकडे मात्र एकाखाली एक सरळ. ते पान आमच्या कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवलेलं आहे.

तुमच्या आईला मी पैसे देऊ केले, तिनं घेतले नाहीत. लेकीनं खूप समजावल्यावर हप्त्याचे उरलेले पैसे तेवढे तिनं भरू दिले. मी तिला ताई म्हणायचे, ती मलाही तेच म्हणायला लागली. आम्ही दोघींनी एकाच कढईशी उभं राहून भजी तळली. बेसन लेकीच्या डब्यात होतं, कांदा तिथल्या बांकेरोहानच्या मंडईतला. गल्लीनं ती दहा मिनिटांत संपवली, आणि दायनं माझ्या हातून झारा घेऊन पुढचा घाणा स्वतः काढला.

काही लोक मला म्हणाले, एवढ्या लहान मुलांना रस्त्यावर विकायला लावणं बरोबर आहे का? हा प्रश्न मला टाळायचा नाही. तुमच्या देशात २००३चा कायदा आहे: १५ वर्षांखालच्या मुलानं काम करायचंच तर आईवडिलांच्या हाताखाली, दिवसाला चार तासांपेक्षा जास्त नाही, रात्री आठनंतर नाही, आणि शाळा बुडता कामा नये. तुमची आई साडेसातला गाडा आवरायची. सरकारकडून गरीब घरांना मिळणारी जी मदत तुम्हाला होती, तिलाही शाळेत ८५ टक्के हजेरीची अट होती, आणि तुम्ही तापातही शाळेत जायचात. तरीही सांगते, दाय, तुझ्या बोटांवरचे ते घट्टे मला आवडले नव्हते. तुझ्या वयाच्या मुलीनं संध्याकाळी मैत्रिणींबरोबर हिंडावं. मी तुमचं कौतुक करते ते तुमच्या नजरेचं आणि सचोटीचं, तुमच्यावर पडलेल्या ओझ्याचं नाही.

मग २०२०चा कोरोना आला. २१ वर्षांखालच्या कुणीही घराबाहेर पडायचं नाही असा नियम झाला, तुमचा गाडा पुन्हा बंद. लेकही तिथेच अडकली. तुमची आई आठवड्यातून एकदा उकडलेली रताळी फाटकाला अडकवून जायची. ५ ऑक्टोबर २०२०ला तिकडची शाळा सुरू झाली ती छापील गठ्ठ्यांवर, मोड्यूल म्हणायचे त्यांना, शिक्षक समोर नाहीतच. दोंग, तुझं गणित लेकीनं फोनवरून घेतलं. तू पानाचा फोटो पाठवायचास, ती रात्री तिचा अभ्यास झाल्यावर सोडवून दाखवायची. अपूर्णांकांच्या भागाकारावर तुम्ही दोघं एकदा इतके भांडलात की मला इकडे तिच्या फोनवर ऐकू आलं. मला त्याचा आनंदच झाला.

आता लेक इथे इंटर्नशिप करते आहे. वॉर्डात डेंग्यूचा रोगी आला आणि ताप उतरला म्हणून नातेवाईक घरी न्यायला निघाले, की ती त्यांना अडवते, रागावून अडवते. ते मला तिच्या सिनियरनं सांगितलं. दाय, तू टेस्डाचा, म्हणजे तिकडच्या सरकारी कौशल्य-प्रशिक्षण संस्थेचा ब्रेड आणि पेस्ट्रीचा कोर्स करते आहेस हे ऐकून मला फार बरं वाटलं. भट्टीचं काम कढईपेक्षा हाताला मऊ. दोंग, बास्केटबॉल खेळ, पण बारावीचं वर्ष आहे हेही बघ.

तुमचे, तुमच्या आईचे, आणि किल्ली घेऊन धावलेल्या त्या घरमालकिणीचे मी मनापासून आभार मानते. आम्ही उभयता, लेकीची आजी, तिचा भाऊ, सगळ्यांच्या वतीनं. दायच्या कोर्सनंतर ओव्हन घ्यायचा विषय मागे निघाला होता. त्यासाठी त्या पाच-सहाच्या कर्जाकडे जायचं नाही, हे मी तुमच्या आईला सांगितलंय आणि इथे लिहूनही ठेवते. ओव्हन आम्ही घेणार, किंमत काढून ठेवा. रविवारी तुमच्याकडे रात्रीचे आठ वाजले की आम्ही फोन करतो. लेक पत्र वाचेल, आईलाही शेजारी बसवा, आणि दोंगला खेळून लवकर घरी यायला सांगा.

तुमची,
लातूरची तिता, म्हणजे मावशी