क्यूटी ६ वर जाताना सिग्नल आधी तपासा

संपादक महोदय,

गोव्यात दुकानांसाठी बिलिंगचे प्रोग्रॅम लिहून देणाऱ्यांपैकी जे क्यूटी या खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या फ्रेमवर्कच्या आवृत्ती ५ वरून ६ वर जात आहेत, त्यांना एक कळकळीची विनंती. प्रोग्रॅम कंपाइल झाला म्हणजे काम झालं असं धरू नका.

बटण दाबलं, यादीतली निवड बदलली अशी सूचना म्हणजे सिग्नल, आणि तो आला की कोणतं फंक्शन चालवायचं ते 'कनेक्ट'ने जोडतात. जुन्या कोडमध्ये कनेक्ट करताना सिग्नलचं नाव मजकूर म्हणून दिलेलं असतं. कंपायलर तो मजकूर तपासत नाही. कॉम्बोबॉक्सचा (निवडीच्या यादीचा) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, देणारा 'करंट इंडेक्स चेंज्ड' क्यूटी ६ मध्ये उरलेला नाही. तरी बिल्ड बिनतक्रार होतो, कनेक्ट तेवढा होत नाही. 'नो सच सिग्नल' ही ओळ कन्सोलवर उमटते, पण काउंटरवरच्या संगणकावर कन्सोल पाहतो कोण? यादीतून माल बदलला तरी दर आधीच्याच मालाचा राहतो. ऐन चवथीच्या गर्दीत अशी बिलं गेली तर गिऱ्हाइकाचा विश्वास जातो.

यात फ्रेमवर्कवाल्यांना दोष देता येत नाही. मे २०२० च्या क्यूटी ५.१५ मध्येच हा आणि असे इतर सिग्नल कालबाह्य ठरवले होते, ६.० आलं डिसेंबरमध्ये. बटणगटासाठी 'आयडी क्लिक्ड', अनेक सिग्नल एकत्र आणणाऱ्या सिग्नल मॅपरसाठी 'मॅप्ड इंट' हे पर्यायही ५.१५ मध्येच दिले होते.

म्हणून ५.१५ वर असतानाच सगळे कनेक्ट फंक्शन पॉइंटरच्या पद्धतीत आणा, म्हणजे सिग्नल मजकुराऐवजी थेट फंक्शन म्हणून द्या, जो कंपायलर तपासतो. क्लॅझी या क्यूटीचा कोड तपासणाऱ्या साधनाची 'ओल्ड स्टाइल कनेक्ट' ही तपासणी जुन्या पद्धतीचे कनेक्ट शोधून देते. त्यानंतरच 'क्यूटी डिसेबल डेप्रिकेटेड बिफोर' हा कालबाह्य गोष्टी कंपायलरपासून लपवणारा मॅक्रो ५.१५ ला लावा. क्रम उलटा केलात तर मजकुरातले कनेक्ट तसेच निसटतात, कारण लायब्ररीत ते सिग्नल अजून असतात. लॅम्ब्डा (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) लिहिलात तर कनेक्टला तिसरा आर्ग्युमेंट म्हणून संबंधित ऑब्जेक्ट द्याच, नाहीतर खिडकी बंद झाल्यावरही तो चालतो आणि प्रोग्रॅम कोसळतो.

कॉम्बोबॉक्सला सरसकट 'करंट टेक्स्ट चेंज्ड' लावू नका. यादीत टाइप करता येत असेल तर तो प्रत्येक अक्षराला सुटतो आणि दर शोधण्याची क्वेरी तितक्याच वेळा धावते. त्यापेक्षा इंडेक्स देणारा सिग्नल घ्या आणि नाव 'आयटम टेक्स्ट'ने काढा. 'क्यू ओव्हरलोड' (एकाच नावाच्या सिग्नलांतून हवा तो निवडण्याची सोय) वापरून लिहिलेली ती ओळ ५.१५ आणि ६ दोन्हींवर चालते.

चाचणीच्या संगणकावर 'क्यूटी फेटल वॉर्निंग्ज' हा इशारा येताच प्रोग्रॅम थांबवणारा एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सेटिंग) १ ठेवा. निसटलेल्या कनेक्टची खिडकी उघडताच प्रोग्रॅम तिथेच थांबेल, म्हणून प्रत्येक खिडकी एकदा तरी उघडून पाहा. दुकानात देताना मात्र तो काढायला विसरू नका.

— एक सॉफ्टवेअर अभियंता, फोंडा