दोनदा 'घेऊ नको' म्हणणाऱ्या काकांना

प्रिय काका,
स. न. वि. वि.

गाडी चालली. फोनवर तुम्हाला तेवढंच सांगता आलं, कारण मागे इंजिन सुरू होतं आणि माझा गळा भरून आला होता. जे सांगायचं राहिलं ते इथे लिहितो. चार लोकांसमोर लिहितो, कारण कामठी रोडवरच्या तुमच्या गॅरेजात ट्रकचे एक्सल खोलण्यापलीकडे काय काय चालतं हे लोकांना कळलं पाहिजे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. मी घरी एक छोटी उघडी गाडी बांधतोय, १९५७ च्या लोटस सेव्हनच्या धर्तीची. चौकोनी पाइपची चेसिस, जिप्सीचं १३०० सीसीचं इंजिन, तिचाच पाच गियरचा गियरबॉक्स. मागचा एक्सलही जिप्सीचाच टाका, असं बहुतेकांनी सुचवलं. तो मजबूत आहे, पण अख्खा एक्सल क्राउनसकट, म्हणजे इंजिनाचं फिरणं मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या दातांच्या पेटीसकट, चाकांबरोबर वर-खाली होतो. गाडीच इतकी हलकी, की खड्डा आला की तो बोजा मागचं चाक जमिनीवरून उचलतो. मला दोन्ही मागची चाकं स्वतंत्र हवी होती. म्हणजे क्राउनची पेटी चेसिसला घट्ट बोल्ट केलेली आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना चाकांपर्यंत जाणारे, वाकूनही फिरणाऱ्या सीव्ही जॉइंटचे हाफ शाफ्ट.

आता नागपुरात असा क्राउन कुठून आणायचा? अॅम्बेसेडर, ओम्नी, बोलेरो, सगळ्यांचा मागचा एक्सल सलग. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत तर मागे काहीच नसतं. उरतात त्या बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि काही महागड्या फोर बाय फोर. त्या भंगारात येतात कमी, आणि आल्या तरी मुंबई-दिल्लीकडेच तुटतात.

पहिला माल समोर आला तो एका डिझेल बीएमडब्ल्यूचा. भाव चांगला होता, आत दात कोरे होते. मी तर पैसे काढून बसलो होतो. तुम्ही एका बाजूचा फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती, मला धरायला लावलात, दुसऱ्या बाजूला खडूची खूण केलीत आणि ती बाजू बरोब्बर दोन फेरे फिरवलीत. पुढचा पिनियन, म्हणजे इंजिनाकडून फिरणारा लहान दातेरी भाग, किती फेरे फिरला ते मी मोजायचं. तो तीनच्याही आत आला. एक बाजू अडवली की मोकळ्या बाजूच्या दोन फेऱ्यांना पिनियन जेवढा फिरतो तोच रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे, हे मला त्या दिवशी कळलं. "घेऊ नको. मोठ्या डिझेल इंजिनाले हे चालते, तुया जिप्सीले उचलणार नाही," एवढंच बोलून तुम्ही हात पुसलेत. घरी येऊन हिशोब केला. माझं टायर १८५/६० आर १४, म्हणजे एका फेऱ्यात साधारण १.८ मीटर. पाचवा गियर ०.८ च्या आसपास. ३००० आरपीएमला ४.१ च्या रेशोवर ताशी ९९ किलोमीटर येतात, ३ च्या रेशोवर १३६. वाचायला छान वाटतं, पण तेवढ्याच पटीत पहिला गियरही लांबतो, ओढ कमी होते आणि चढावर क्लच जळतो.

दुसरा क्राउन एका दुकानदाराने खात्रीचा म्हणून दाखवला होता. वरून ताजा काळा रंग मारलेला. तुम्ही रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. तेल भरायचा बूच काढलात, बोट आत घातलंत आणि माझ्यासमोर धरलंत. तेल दूध जास्त झालेल्या चहासारखं होतं. गाडी पाण्यात उभी राहिलेली, बेअरिंगला आतून गंज धरलेला. दुकानदार भाव उतरवत गेला आणि तुम्ही मान हलवत राहिलात. काका, त्या सौद्यात तुमचं कमिशन ठरलेलं होतं हे मला नंतर दुसऱ्याच माणसाकडून कळलं. तुम्ही त्याबद्दल कधीच एक शब्द काढला नाहीत.

मग तुम्ही मुंबईत कुर्ल्याला ओळखीत फोन लावलात. तिथून निघाला शेव्हरले फॉरेस्टरचा. नाव शेव्हरले, पण गाडी मुळात जपानच्या सुबारूची. १९९९ ते २००५ जनरल मोटर्सचा सुबारूच्या कंपनीत हिस्सा होता, त्या काळात ही गाडी शेव्हरलेचा बिल्ला लावून आपल्याकडे आली. रस्त्यावर फार दिसली नाही, पण तिच्या मागे आर १६० जातीचा क्राउन असतो. लहान, वीस किलोच्या आसपास, एका माणसाला उचलता येतो. परदेशात घरी गाड्या बांधणारे हाच शोधत असतात.

तुम्ही फोनवर जे सांगितलंत ते मी तेव्हाच लिहून घेतलं होतं, आणि कोणालाही उपयोगी पडेल म्हणून इथे देतो. "नुसता क्राउन घेऊन का करशील? दोन्ही हाफ शाफ्ट पायजे, हब पायजे, माउंटिंगचे रबर अन् बोल्ट पायजे, प्रोपेलर शाफ्टचा मागचा तुकडा कापून पाठव म्हणा." गियरबॉक्सकडून क्राउनकडे येणाऱ्या शाफ्टचा तो कापलेला तुकडा पाहून मला नवल वाटलं होतं. पुढे हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवर जिप्सीच्या शाफ्टला सुबारूचा फ्लँज जोडायची वेळ आली, तेव्हा मापासाठी तोच कामी आला. शिवाय त्या भंगारातल्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि पक्कं बिल हातात आल्याशिवाय पैसे पाठवू दिले नाहीत. चोरीच्या गाडीचे भाग कसे फिरतात हे तुम्ही उभ्या आयुष्यात पाहिलंय.

माल वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरला, तिथून थेट तुमच्याकडे. ती दुपार मला जन्मभर पुरेल. बाहेर मे महिना, तुम्ही कूलर बंद केलात, धूळ उडायला नको म्हणून. मागचं झाकण उघडलंत. तेल काळं पण स्वच्छ, चुंबक फिरवला तर नुसती बारीक राखाडी पूड, कण एकही नाही. क्राउनच्या तीन-चार दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावलात आणि पिनियन हळूहळू पुढे-मागे फिरवलात. शेंदूर जिथे पुसला गेला तो डाग दाताच्या मधोमध, ना टोकाला ना बुडाला. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून तो डाग कितीतरी वेळ बघत होतात. डायल गेजने दातांमधला प्ले, म्हणजे मोकळीक, मोजलात, दोन दशांश मिलिमीटरच्या आतच. मग म्हणालात, "हा घे." या दोन शब्दांसाठी मी महिनोन् महिने थांबलो होतो.

सील बदलताना पिनियनच्या नटवर पंचने खूण करून तो पुन्हा त्याच खुणेवर आणणं, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवायला बैठकीखाली पट्ट्या घालणं, ही कामंही तुम्हीच केलीत. मजुरी घ्या म्हटलं तर सीलचे आणि तेलाचे पैसे घेतलेत, बाकी काही नाही. ट्रकवाले रांगेत उभे असताना तुम्ही हे केलंत. घरी आई विचारते, त्या काकांना काय दिलं म्हणून, आणि मला उत्तर देता येत नाही.

रविवारी काटोल रोडला मित्राच्या बागेतल्या कच्च्या रस्त्यावर गाडी काढली. सार्वजनिक रस्त्यावर ती न्यायची नाही, हे तुम्हाला दिलेलं वचन पाळतोय. बैलगाडीच्या चाकोरीत एक चाक उतरलं, दुसरं वर राहिलं, गाडी सरळ गेली. क्राउनचा आवाज नाही, ना ओढताना, ना अॅक्सिलरेटर सोडल्यावर. पाचशे किलोमीटरनंतर तेल बदलायला तुमच्याकडेच आणतो, ८०० मिली जीएल-५ प्रतीचं गियर तेल, तुम्ही सांगितलेलंच.

जिप्सीचा मागचा एक्सल माझ्याकडे तसाच आहे. दात चांगले आहेत, तुमच्याच पद्धतीने शेंदूर लावून पाहिलेत. तुमच्या कोणा गिऱ्हाइकाला लागला तर कळवा, मी गॅरेजवर आणून टाकतो. त्याचे पैसे मी घेणार नाही, त्यावर वाद नको.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
जिप्सीवाला