आप्पा, ते नाव मी शोधलं असं तुम्ही साहेबांना सांगितलंत

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वर्षभर उशिरा लिहितेय. सी.ए.च्या ऑफिसातल्या इंटर्नशिपचा अहवाल कॉलेजला दिला तेव्हा त्यात मार्गदर्शकाचा एकच रकाना होता. तिथे ऑफिसचे सी.ए. असलेल्या साहेबांचं नाव गेलं, आणि ते योग्यच होतं. ओळखपाळख नसताना त्यांनी धरणगाव तालुक्यातल्या एका खेड्यातल्या मुलीला ऑफिसात बसू दिलं. पण हाताला धरून काम शिकवलं ते तुम्ही. तुमच्या नावापुढे सी.ए. नाही, म्हणून त्या कागदावर तुमच्यासाठी जागा निघाली नाही. ही गोष्ट मला तेव्हापासून खुपतेय, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

२०२४ चा उन्हाळा. धरणगावहून सकाळची सुरत-भुसावळ गाडी, जळगाव स्टेशनपासून पायी ऑफिस. दहा वाजताच रस्ता तापलेला असायचा. मेच्या शेवटी पारा ४४-४५ च्या खाली यायचं नावच घेत नव्हता. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आले होते, टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, कोर्स झाला होता, आणि तेवढ्यावर मला हिशोब येतो असं वाटत होतं. पहिल्याच आठवड्यात बँकेचं स्टेटमेंट आणि बँक खातं जुळेना. फरक ५४,००० चा. दोन दिवस मी एकेक नोंद वरून खाली वाचत होते. तुम्ही टेबलाजवळ आलात, कागद न बघता विचारलंत, "नऊने भाग जातो का?" गेला. सहा हजार. "मग आकडे उलटे पडलेत. दहा हजाराच्या आणि हजाराच्या घरात सहाचा फरक असलेली नोंद शोध." अर्ध्या तासात सापडली: ७१,२५० च्या जागी १७,२५०. असं कुठल्याच तासाला कुणी सांगितलं नव्हतं. नऊने भाग गेला नाही तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची, ती नोंद उलट्या बाजूला पडलेली असू शकते, हेही तुम्हीच सांगितलंत. किर्द, खतावणी, तेरीज हे तुमचे शब्द. मी टॅलीत ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, काढायचे, तुम्ही त्याला तेरीजच म्हणायचात. आता माझ्याही तोंडी तोच शब्द येतो.

पण आभार मानायचेत ते जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, ऑडिटच्या कामाबद्दल.

हंगाम संपला होता. तरी शेडमध्ये रुईच्या गाठींच्या थप्प्या होत्या, मागे सरकीचा ढीग होता. मी स्टॉक रजिस्टरमधला आकडा उतरवून घेतला आणि झालं असं समजून वही मिटली. तेव्हा तुम्ही अहिराणीत म्हणालात, "वही काय म्हनस ते लिखी ले. आते थप्पी काय म्हनस ते दख." मग आपण उन्हात गाठी मोजल्या. आजचा आकडा धरायचा, ३१ मार्चनंतर विकलेला माल त्यात मिळवायचा, नंतर बनलेला वजा करायचा, म्हणजे ताळेबंदाच्या दिवशीचा आकडा येतो. त्यावर आणखी एक पडताळा होता: १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई, बाकी सरकी आणि थोडी घट. एक गाठ १७० किलोची, म्हणजे गाठीमागे पाच क्विंटल कापूस लागलाच पाहिजे. तेवढी खरेदी वहीत दिसते का? महिन्यामहिन्याचं वीजबिल गाठींच्या संख्येबरोबर वरखाली होतं का? ऑडिटच्या पुस्तकात मी १८९६ चा किंग्स्टन कॉटन मिलचा खटला दोन मार्कांसाठी पाठ केला होता: ऑडिटर हा राखणदार कुत्रा, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. तो खटलाही कापसाच्या गिरणीचा होता, वहीत फुगवलेल्या मालाचा होता, आणि ऑडिटरने माल न बघता मॅनेजरच्या दाखल्यावर विसंबून सही केली होती. त्या वेळच्या न्यायालयाने त्याला दोषी धरलं नाही. आज तसं चालत नाही. हे मला थप्पीसमोर उभं राहिल्यावर कळलं.

नंतर व्हाउचिंग आलं, म्हणजे प्रत्येक नोंद तिच्या पावतीशी ताडून बघणं. कापूस खरेदीची पावती नोंदीला लावताना मला धडाधड रोखीच्या नोंदी दिसायला लागल्या. चाळीस हजार, साठ हजार, ऐंशी हजार, सगळे शेतकऱ्यांना रोख. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४०अ(३) नुसार एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिलेला खर्च करासाठी मान्य होत नव्हता, एवढं मला ठाऊक होतं. मी तीन पानांची क्वेरी लिस्ट केली. मोठं काहीतरी पकडलं असं वाटत होतं.

तुम्ही ती तीन पानं शांतपणे वाचलीत. रागावला नाहीत. विचारलंत, "तुझ्या वडिलांनी कापूस विकला तेव्हा पैसे कसे घेतले?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला. बाबांनी रोखच घेतले होते. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० होता, आणि बाबांनी त्याहून कमी भावाने दिला होता, कारण वेचणीच्या बायांची मजुरी त्याच संध्याकाळी द्यायची होती. मी व्हाउचरवर ज्यांना लाल खूण करत होते ती माझ्या बाबांसारखी माणसं होती. मग तुम्ही आयकराचा तेव्हाचा नियम ६डीडी काढून दाखवलात: शेतमाल पिकवणाऱ्याला दिलेल्या रोखीला दहा हजारांची मर्यादा लागू नाही. "पिकवणाऱ्याला," तुम्ही बोट ठेवून पुन्हा वाचलंत. "व्यापाऱ्याला नाही. आता बघ, यातला पिकवणारा कोण आणि व्यापारी कोण."

मी पुन्हा पहिल्या पावतीपासून सुरुवात केली. काटापावती, हिशोबपट्टी, सोबत लावलेला सातबारा. सगळं जागेवर होतं. चौथ्या दिवशी एक नाव अडलं. हंगामभरात वेगवेगळ्या तारखांना मिळून २१२ क्विंटल कापूस, आणि सातबारा १.६० हेक्टरचा. कागदात खोट नव्हती, सही होती, बेरीजही बरोबर. पण चार एकर रान म्हणजे काय हे मला माहीत आहे. आमचंही तेवढंच आहे. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल, पाणी असेल तर दहा-बारा. खूप धरलं तरी पन्नासच्या आत. दोनशे बारा पिकत नाही.

मी ते तुम्हाला भीत भीत सांगितलं, कारण माझ्याकडे त्यासाठी पुस्तकातलं काहीच नव्हतं. फक्त आमच्या शेताचा अंदाज होता. तुम्ही चष्मा काढलात, थोडा वेळ गप्प बसलात, आणि म्हणालात, "हे मला टेबलावर बसून दिसलं नसतं." मग मला साहेबांच्या केबिनमध्ये नेलंत आणि पहिलं वाक्य हे बोललात: "साहेब, हे हिने काढलं."

आप्पा, त्या वाक्याचे आभार मानायला हे पत्र आहे. कॉलेजात मी कधी सांगितलं नाही की मी सुट्टीत कापूस वेचायला जाते. त्याची लाज वाटायची असं नाही, पण ते अभ्यासाच्या कामाचं आहे असं कधी वाटलं नव्हतं. जळगावच्या मुली इंग्रजीत फाडफाड बोलायच्या आणि मी मागच्या बाकावर. तुम्ही पहिले, ज्यांनी माझ्या घरचं ज्ञान हिशोबाच्या तक्त्यात पुरावा म्हणून मांडलंत. वर्किंग पेपरवर "अपेक्षित उत्पन्न" असा रकाना तुमच्या हाताने आखलात आणि आकडे मला भरायला लावलेत.

जिनिंगच्या मालकांना विचारायला गेलो तेव्हा मी पुन्हा घाईला आले होते. जिन्यावर तुम्ही थांबवलंत. "का केलं असं विचारू नको. कसं करता असं विचार." तुम्ही तसंच विचारलंत, चहा घेता घेता. त्यांनी स्वतःच सांगितलं, तो माणूस गावातून खेडा खरेदी करून माल आणतो. म्हणजे व्यापारी. एका प्रश्नावर दोन कायदे अडलेले होते, कारण शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर नोव्हेंबर २०१७ पासून खरेदीदारालाच उलट्या पद्धतीने पाच टक्के जीएसटी भरावा लागतो, आणि व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटचा फॉर्म गेला तेव्हा त्या माणसाला दिलेली रोख रक्कम २१ व्या कलमात, अमान्य खर्चात, दाखवली, हे तुम्ही मला फोन करून कळवलंत. इंटर्नशिप संपून तीन महिने झाले होते. तुम्हाला कळवायची काही गरज नव्हती.

दुपारचे डबे आठवतात. आईने दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा तुम्ही अर्धी वाटून घ्यायचात, आणि डबा रिकामा कधी परत करायचा नाहीत. काकूंनी कैरीचं पन्हं पाठवलं होतं, त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

माझं बी.कॉम. झालं. ५५ टक्क्यांच्या वर मिळाले, त्यामुळे सी.ए.ची पहिली परीक्षा, फाउंडेशन, न देता इंटरमिजिएटला थेट नाव घालता आलं. आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी, आता दोनच वर्षांची असते. साहेबांनी होकार दिलाय, म्हणजे इंटरमिजिएट पास झाले की मी परत तुमच्याच टेबलाशेजारी येतेय.

बाबा आता प्रत्येक हिशोबपट्टी आणि काटापावती फाईलला लावतात, मी न सांगता. त्यांनी तुमच्यासाठी एक काम दिलंय. विकास सोसायटीला त्यांनी भरलेल्या हप्त्याची पावती ६४,२०० ची आहे, आणि पासबुकात ४६,२०० लिहिलंय. मी सचिवांकडे जाण्याआधी तुम्हाला दाखवणार आहे. फरक १८,००० चा येतो. नऊने भाग जातो, करून पाहिलं.

तुमची,
इंटर्न पोरगी
धरणगाव तालुका, जि. जळगाव