मोडी कागद यंत्राला शिकवताना

मा. संपादक,

संगणक जुनी मोडी लिपी वाचेल, ही बातमी आनंदाची. पण नुसते अक्षर ओळखून भागणार नाही. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हे नाहीत. मायना कुठे संपला, वसुलीतून तक्रार कुठे सुरू झाली, हे यंत्राला कळायला हवे. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ मार्टी हर्स्ट यांनी १९९७ च्या निबंधात शेजारच्या मजकुरांतले शब्द किती जुळतात यावरून विषय बदलल्याची जागा शोधली. आमच्याकडे तर 'बहुत काय लिहिणे' ही पत्र संपल्याची आयती खूण आहे! धुळ्यात जुनी कागदपत्रे जपणारे राजवाडे संशोधन मंडळ आहे. खानदेशातल्या मोडी जाणकारांना बसवून नमुन्याच्या कागदांवर कुठला मजकूर कुठे संपतो अशा खुणा आत्ताच करून घ्याव्यात.

— एक निवृत्त शिक्षक, धुळे