टाचा खाली टेकव

बोटीवरून, रात्री साडेबारा

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

चौकटीचा फोटो मिळाला. माजघराचं दार, पेन्सिलची नवी रेघ आणि शेजारी तुझ्या अक्षरात '१४७'. फोटो आईने काढलेला नाही हे लगेच कळलं, कारण खालच्या कोपऱ्यात तुझे पाय आलेत आणि टाचा जमिनीला टेकलेल्या नाहीत. गणपतीत मी रेघ मारली तेव्हा तू १३८ होतीस. तीन महिन्यांत नऊ सेंटिमीटर पडवळ वाढतं, पोरगी नाही.

हा आकडा तू कुठून काढलास तेही समजलं. माझ्या क्रूझ बोटीच्या डेकवर पंपाने केलेली लाट आहे, तिच्यावर उभं राहायचं तर ५८ इंच उंची लागते, म्हणजे १४७ सेंटिमीटर. बूगी बोर्डवर, म्हणजे फोमच्या छोट्या फळीवर, पालथं पडून करायचं तर ५२ इंच, म्हणजे १३२. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत तुम्ही सगळी सिंगापूरला बोटीवर चढाल तेव्हा तुला बूगी बोर्ड मिळणार आणि सोहमदादाला उभं राहायला मिळणार. ह्यावरून तू दोन दिवस जेवली नाहीस, असं आई म्हणाली. एक दिवस, असं आजी म्हणाली. कितीही असो, आता जेवून घे आणि पुढचं वाच.

मी टॉवेलच्या काउंटरवर असतो, तिथून ती रांग समोरच दिसते. उंची मोजायची पट्टी तिथेच आहे आणि अनवाणी मोजतात, म्हणजे तुझ्या टाचांकडे पहिल्यांदा बघतील. लोक काय काय करतात! एक बाई मुलीचा अंबाडा थेट टाळूवर बांधून घेऊन आल्या होत्या. मोजणाऱ्या पोराने हसत हसत त्यावर तळहात ठेवून दाबला आणि उंची दोन बोटं खाली आली. मग तिचा बाप भांडायला उभा राहिला, आम्ही एवढे पैसे भरलेत वगैरे. पोरगी बिचारी बाजूला मान खाली घालून. लाटेची हौस राहिली दूर, चारचौघांत शोभा मात्र झाली. हलकं, लहान अंग ते पाणी उचलून मागे भिरकावतं, म्हणून ती पट्टी आहे. आणि पाणी काही पैशाची पावती बघत नाही.

ती समुद्राची लाट नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर. सागरेश्वरच्या किनाऱ्यावर लाट येते, तुला उचलते, वाळूत टाकते आणि मागे जाते. इथली लाट जागची हलत नाही. खालच्या टोकाला पंप आहेत, ते उतारावर खालून वर पाणी मारतात. तू वजनाने खाली घसरतेस, पाणी तुला वर रेटतं, आणि दोन्हींचा मेळ बसला की तू एकाच जागी तरंगत राहतेस. पाण्याचा थर जेमतेम दोन-तीन इंचांचा. जुलैमध्ये आपल्या व्हाळात त्या मोठ्या कातळावरून पाणी कसं पातळ आणि सुसाट जातं, आठवतं? घोटासुद्धा बुडत नाही, पण पाय ठेवला की तो आपला राहत नाही. अगदी तसंच. फक्त इथे खाली कातळाऐवजी ताणून बसवलेला गादीसारखा मऊ पृष्ठभाग आहे. मऊ म्हणून गाफील राहू नकोस, त्याच्यावरही वेडंवाकडं पडून मनगट, घोटा, मान दुखावून घेणारे मी बघितलेत.

पाणी किती, असं तू विचारणारच. दर मिनिटाला सुमारे एक लाख तेरा हजार लिटर. एप्रिल-मे मध्ये वरच्या वाडीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धर. तसे अकरा टँकर, मिनिटाला. आजीला हे सांगशील तेव्हा लगेच जोडून सांग की पाणी वाया जात नाही; वरच्या जाळीतून टाकीत पडतं आणि परत पंपात जातं. नाहीतर ती सिंगापूरला यायचंच रद्द करायला लावेल.

ह्या यंत्राला फ्लोरायडर म्हणतात. टॉम लॉकटेफेल्ड नावाच्या कॅलिफोर्नियातल्या माणसाची ही कल्पना. पहिली लाट १९९१ साली टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावातल्या वॉटर पार्कमध्ये चालू झाली, समुद्रापासून चांगलीच लांब. बोटीवर आली २००६ मध्ये, 'फ्रीडम ऑफ द सीज' ह्या जहाजावर. म्हणजे समुद्रावर लाट बसवायला माणसाला पंधरा वर्षं लागली. मला ह्याची अजून गंमत वाटते. चारी बाजूंनी दर्या, आणि मधे डेकवर लाटेसाठी रांग!

आता तुला एक गोष्ट सांगतो, जी मी घरी सांगितलेली नाही. पाहुणे नसतात तेव्हा कधीतरी आम्हा क्रूलाही तिथे जायला मिळतं. मागच्या कॉन्ट्रॅक्टला मी गेलो. वेंगुर्ल्याचा माणूस, लहानपणापासून खाडीत पोहलेला, मला काय शिकवणार हे फिलिपिन्सचं पोर, अशा तोऱ्यात थेट उभा बोर्ड मागितला. त्याने माझा हात धरला होता तोवर मी राजा होतो. हात सोडला आणि मी पायांकडे बघितलं. झालं. बोर्ड कुठे गेला कळलं नाही, मी मागे पडलो आणि घाईत उजवा हात खाली टेकला. सगळं अंग त्या एका मनगटावर. तीन आठवडे टॉवेलच्या घड्या डाव्या हाताने घातल्या. गणपतीत मूर्तीच्या वरची माटवी बांधताना मी दोरी डाव्या हाताने ओढत होतो आणि तू विचारलंस, तेव्हा कपाटाचं दार लागलं म्हणालो. ते खोटं होतं.

म्हणून तुला आधी पडायला शिकवतो, तरंगायचं नंतर. पडताना हात टेकायचा नाही. हनुवटी छातीला लाव, हात अंगाशी घे, आणि उकडीच्या मोदकासारखी गोळा हो. बोर्ड सोडून दे, त्याला धरायला जायचं नाही. मग काहीच करू नकोस. पाणीच तुला दोन सेकंदांत मागे वर जाळीपाशी नेऊन सोडतं. चूक करतात ती इथेच: मधल्या धारेतच उठायला बघतात, आणि उठलं की पाय परत सुटतात. जाळीवर पोचलीस, अंग थांबलं, की उठायचं, बोर्ड उचलून द्यायचा आणि बाजूला व्हायचं. कारण पुढच्याची पाळी असते आणि तोही तुझ्यासारखाच कुठे जाईल ह्याचा नेम नसतो. ओटीवर गादी टाक आणि रोज दहा वेळा मागे पडून बघ, हात न टेकता. आधी बसून, मग गुडघ्यावरून. आईला म्हणावं बाबांनी सांगितलंय. उभ्याने मात्र आई शेजारी असल्याशिवाय नाही.

बोर्डवर जायचं कसं? काठावर उभं राहायचं, बोर्ड छातीशी घट्ट धरायचा, दोन्ही हात पुढच्या कोपऱ्यांवर, आणि इशारा झाला की पाण्याच्या दिशेने तोंड करून अंग झोकून द्यायचं. बिचकत बिचकत बसायला गेलीस तर पाणी कडेने बोर्ड उलटवतं. तिथे आवाज इतका असतो की कोणाचं बोलणं ऐकू येत नाही, सगळं हातवाऱ्यांवर चालतं. म्हणून उडी घेण्याआधी त्या पोराच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघ.

एकदा बोर्डवर पालथी पडलीस की तुला शाळेत शिकवलेलं भुजंगासन आठव. कोपरं टेकलेली, छाती वर, मान वर, नजर समोर जिथून पाणी येतं तिथे. सगळा खेळ बोर्डच्या नाकाचा आहे. नाक जरासं वर राहिलं पाहिजे. वजन थोडं पुढे दिलंस की तू खाली पंपाकडे सरकशील, नाक उचललंस की मागे वर जाशील. पण वजन जास्त पुढे गेलं आणि नाक पाण्यात घुसलं, की पाणी बोर्डच्या वरून येतं आणि कोलांटी ठरलेली. डावीकडे जायचं तर डाव्या कोपरावर किंचित भार, बस. सुरुवातीला सगळे बोर्डला गळा आवळल्यासारखं धरतात आणि पाय ताठ करतात. मग बोर्ड थरथरतो आणि त्यांना वाटतं लाट थरथरतेय.

दोन-तीन पाळ्या अशा झाल्या, मधोमध स्थिर राहता आलं, की एकेक गुडघा आत ओढून वज्रासनात बस. आधी कडा धरून, मग एक हात सोडून, मग दोन्ही. बूगी बोर्डवर मुलं जेव्हा वज्रासनात दोन्ही हात वर करतात ना, तेव्हा रेलिंगवरचे लोक जेवढ्या टाळ्या वाजवतात तेवढ्या उभ्या बोर्डवाल्याला मिळत नाहीत, कारण तो बहुतेक वेळा तोवर पडलेला असतो.

बूगी बोर्ड 'लहान पोरांचा' असं तू आईला म्हणालीस. हवाई बेटांवर मोठी माणसं पिढ्यान् पिढ्या छोट्या फळीवर पालथी पडून लाटा घेत आलीत, 'पायपो' म्हणतात त्या फळीला. आणि आजचा बूगी बोर्ड १९७१ मध्ये तिथेच टॉम मोरी नावाच्या इंजिनिअरने बनवला. फोमचा तुकडा सुरीने कापला आणि वर्तमानपत्राचा कागद मधे ठेवून इस्त्रीने गुळगुळीत केला. तेव्हा तो तिशी ओलांडलेला बाप्या होता.

दादासाठी दोनच ओळी, त्याला दाखव. वजन मागच्या पायावर, गुडघे कबड्डीत चढाई अडवताना असतात तसे वाकलेले, हात पसरलेले. आणि हात सोडल्यावर पायांकडे बघायचं नाही. कारण वर दिलेलं आहे.

कपड्यांचं आईशी बोललोय: एक तुकड्याचा स्विमसूट, वरून अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट. नाडीची गाठ दोनदा. दादाची चड्डी सैल असेल तर बदलायला सांग, मी ह्या डेकवर काय काय बघितलंय ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पैंजण, गळ्यातला काळा दोरा, घड्याळ, हेअरबँडवरचं फुलपाखरू, सगळं आईच्या पिशवीत. चष्माही चालत नाही. त्यामुळे तुला पाण्यात उतरल्यावर अंधुक दिसणार, हे लक्षात घे. आधी अर्धा तास चष्मा लावून रेलिंगला उभी राहा आणि कोण कशामुळे पडतो ते मोज. ह्या अर्ध्या तासात जे कळतं ते माझ्या चार पानांत नाही.

आईला एक कागद सही करायला देतील, की जे काही होईल त्याला आमचे आम्हीच जबाबदार, बोटवाले नाहीत. आई कागद न वाचता सही करते, बँकेतसुद्धा. हा तू तिला मोठ्याने वाचून दाखव. वाचून भीती वाटली तर तसं सांग, मागे फिरणारी मुलंही रोज असतात आणि त्यांना कोणी हसत नाही.

पाळी साधारण मिनिटभराची. पडलीस की संपली, परत रांगेत शेवटी. बोट समुद्रात असेल त्या दिवशी रांग लांबच लांब. बोट बंदराला लागते तेव्हा सगळे खाली उतरतात आणि डेक रिकामा होतो. त्या दिवशी सकाळी या, एका तासात सहा-सात पाळ्या होतील. वारा फार असला की लाट बंद ठेवतात, तेव्हा तोंड पाडून बसायचं नाही, आइस्क्रीमचं मशीन शेजारीच आहे.

माझी ड्युटी असेल. काउंटर सोडून मला लाटेपाशी येता येणार नाही आणि तिथून मला उताराचा वरचा अर्धाच भाग दिसतो. म्हणजे तू मागे सरकलीस किंवा पडलीस तरच मला दिसशील. नीट तरंगत असशील तेव्हा नाही. गुडघ्यावर बसून हात वर केलास तर मात्र हात दिसतील. टॉवेल तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो.

मी घरी असतो तेव्हा तू वाढत नाहीस आणि मी कॉन्ट्रॅक्टवर आलो की वाढतेस, हे मी चौकटीवर पाहिलंय. सगळ्या रेघांच्या मधली मोठी अंतरं माझ्या नसण्याची आहेत. नऊ सेंटिमीटर म्हणजे फार तर दोन कॉन्ट्रॅक्ट. ती खोटी रेघ खोडरबरने पूस, आईला धरायला सांग आणि टाचा टेकवून परत मार.

कानातल्या कुड्याही काढाव्या लागतील. मुलीचे कान मोकळे ठेवू नयेत असं आजीचं म्हणणं तुला माहीत आहे. तिच्याशी ते तूच बोल. मी फोनवर बोलणार नाही.

तुझा,
बाबा